बिलावर नाव कोणाचे?

विजेच्या बचतीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे फार लवकर दिव्यांवर येते. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करा, जुना बल्ब काढून एलईडी लावा, एसीचा आकडा चोवीसवर ठेवा. उपदेश चांगलाच आहे आणि तो पाळणाऱ्याचे दोन पैसे वाचतातही. पण शहर किती वीज आणि किती इंधन खाणार, हे घरातल्या बटणावर ठरत नाही. ते त्याच्या पुष्कळ आधी ठरून गेलेले असते. भिंत किती जाडीची, खिडकी कोणत्या दिशेला, छपरावर पत्रा की कौल, कचेरी घरापासून किती कोसांवर आणि मीटर कोणाच्या नावावर, या गोष्टी ज्या दिवशी कागदावर उतरतात, त्याच दिवशी पुढच्या पन्नास वर्षांचे बिल तयार होते. आपण फक्त दर महिन्याला ते भरत राहतो.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. बँकेत काम केलेल्या माणसाला एक सवय जडते. कर्ज कोण घेतो आणि हप्ता कोण भरणार, हे दोन प्रश्न तो वेगवेगळे विचारतो. घेणारा आणि फेडणारा एकच असला तर माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो. घेणारा एक आणि फेडणारा दुसरा असला की हात सैल सुटतो. जामीन राहून पोळलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. शहराच्या ऊर्जेचा हिशेब मला याच पद्धतीने तपासावासा वाटतो. उधळपट्टी कोठे होते आहे हे शोधायचे असेल तर निर्णय कोणी घेतला आणि बिल कोणाकडे आले, एवढे पाहावे. जेथे ही दोन नावे वेगळी आहेत, तेथे गळती आहे असे खुशाल समजावे.

पनवेल हे असे तपासण्यासाठी फार बोलके शहर आहे. इथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी. महानगरपालिका मात्र अगदी अलीकडची. १ ऑक्टोबर २०१६ ला ती अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत तीन वेगवेगळी शहरे एकमेकांना खेटून उभी आहेत. पहिले, तलावांच्या आणि वाड्यांच्या आठवणी सांगणारे जुने पनवेल. दुसरे, सिडकोने आखलेले नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली यांचे चौकोनी सेक्टर. आणि तिसरे, या सेक्टरांच्या मधोमध बेटांसारखी उरलेली गावठाणे. पालिकेत २९ गावे आली, ती या तिसऱ्या शहराची. नकाशात त्यांचे रंग फिके असतात. पण माझ्या मते या शहराच्या ऊर्जेचा प्रश्न खरा समजतो तो तिथेच.

वाडा आणि फ्लॅट

जुन्या पनवेलमधले वाडे आता मोजकेच राहिले. त्यांच्याविषयी हळवे होण्याचे मला कारण नाही. त्यांत अंधार होता, ढेकूण होते आणि बायकांना चुलीचा धूर होता. पण बांधणाऱ्याने ते स्वतः राहण्यासाठी बांधले होते. उन्हाळ्यात आपल्यालाच उकडणार, पावसाळ्यात आपल्याच डोक्यावर गळणार, हे त्याला ठाऊक होते. म्हणून ओटी आली, पडवी आली, पुढे आलेल्या वळचणी आल्या, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाण्याची सोय आली. ठरवणारा आणि सोसणारा एकच होता.

आजच्या इमारतीत तसे नाही. भिंत किती जाड असावी आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा असावा की नाही, हे बिल्डर ठरवतो. त्याचा हिशेब घर विकले जाईपर्यंतचा. त्यापुढे तीस-चाळीस वर्षे एसीचे बिल भरायचे ते घर घेणाऱ्याने. छज्जा गाळून वाचलेले पैसे एकाच्या खिशात, आणि त्या उघड्या काचेतून आलेल्या उन्हाचा खर्च दुसऱ्याच्या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली, ती यासाठीच. घराच्या भिंती, छप्पर आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याला तिने मर्यादा घातली. पण ती प्रत्यक्षात आणायची जबाबदारी राज्यांची आणि पालिकांची. परवानगीच्या खिडकीवर ती विचारली गेली नाही, तर संहिता कपाटातच राहणार.

यात बँकांचाही वाटा आहे. घरकर्जाच्या अर्जात पगार विचारतात, वय विचारतात, आधीचे हप्ते विचारतात. घर चालवायला दरमहा काय लागेल, हे विचारणारा रकाना मी माझ्या नोकरीच्या काळात एकाही अर्जात पाहिला नाही. वास्तविक ज्याचे वीजबिल आणि प्रवासखर्च कमी, त्याची हप्ता भरण्याची ऐपत जास्त. हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटेल.

एक मीटर, चार खोल्या

आता गावठाणात येऊ. कामोठे, नावडे, रोडपाली, पेंधर, ओवे, कोणतेही गाव घ्या. सिडकोसाठी शेती गेली, गावाभोवती शहर वाढले, घरातली माणसे वाढली. मग मूळच्या घरावर आणि घराशेजारी मजले चढले. सरकारी भाषेत त्यांना ‘गरजेपोटीची बांधकामे’ म्हणतात. ती नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले, वादही तितकेच झाले. या बांधकामांतल्या खोल्या भाड्याने जातात. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार, इमारतींचे पहारेकरी, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका या खोल्यांत राहतात. सेक्टरातली शहाणीसुरती कुटुंबे ज्यांच्या हातांवर चालतात, ते हात रात्री येथे विसावतात.

अशा ठिकाणी पुष्कळदा मीटर घरमालकाच्या नावाचे एकच असते. खोल्यांसाठी आत छोटे मीटर बसवलेले असतात किंवा ठरावीक रक्कम भाड्यात धरलेली असते. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३०० युनिटांचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. पुढे आणखी चढा. ही रचना गरिबाला दिलासा मिळावा म्हणूनच केलेली आहे. पण चार खोल्यांत प्रत्येकी ८० युनिटे जळाली, तर एकाच मीटरवर ती ३२० होतात. प्रत्येकाचे मीटर वेगळे असते तर चारही बिऱ्हाडे स्वस्त टप्प्यात बसली असती. एकत्र आल्यामुळे त्यातली २२० युनिटे महाग टप्प्यांत गेली. वेगळ्या मीटरांचा दरमहा स्थिर आकार हिशेबात घेतला तरी फरक उरतोच. म्हणजे सर्वांत कमी वीज वापरणारा माणूस प्रत्येक युनिटमागे एसीवाल्याच्या बरोबरीचा दर मोजतो, आणि त्याच्यासाठी ठेवलेली सवलत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मालकाला येथे खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. त्याची भातशेती गेली, मिठागरे गेली, आणि आता खोल्यांचे भाडे हेच त्याचे शेत आहे. भाडेकरूच्या नावाने मीटर दिले तर तो उद्या खोलीवर हक्क सांगेल, ही त्याची धास्ती. बँकेच्या टेबलावर बसलेल्या माणसाला या भीतीतला गोंधळ लगेच दिसतो. वीजबिल हा राहत्या पत्त्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. वीजबिल दाखवून खाते उघडता येते. वीजबिल दाखवून घर गहाण ठेवायला या, कोणतीही बँक दारातून परत पाठवील. कायदाही याबाबत स्वच्छ आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात जागेच्या मालकाने ‘किंवा भोगवटादाराने’ अर्ज केला तरी वितरण कंपनीने जोडणी द्यावी, असे म्हटले आहे. एका ‘किंवा’मध्ये किती माणसांची सोय दडलेली आहे!

हे नुसते पैशाचे प्रकरण नाही. बिलावर नाव असणे म्हणजे या शहरात पत्ता असणे. खाते, शाळेचा दाखला, गॅसची जोडणी, शिधापत्रिका, जिथे जाल तिथे पत्ता मागतात. दहा वर्षे येथे राबलेल्या बाईकडे दाखवायला कागदाचा एक चिटोराही नसतो, कारण तिने दर महिन्याला भरलेले पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले असतात. शहर तिची वीज मोजते, तिला मात्र मोजत नाही.

उन्हाचे बिल

काही बिले कागदावर येतच नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी झाला. लाखो माणसे उन्हात बसली होती. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. सोहळ्याची वेळ ठरवणारे मांडवाच्या सावलीत होते. उन्हात बसलेल्यांना कोणी विचारले नव्हते. कोकणातला उन्हाळा नागपूरच्या उन्हाळ्यासारखा आकड्यांनी भीती घालत नाही. इथे पारा सहसा तितका वर चढत नाही. पण खाडीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत तर रात्रीही भट्टी धगधगत असते.

अहमदाबादने या बाबतीत लवकर शहाणपण शिकून घेतले. तेथे मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा हजाराहून अधिक मृत्यू झाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. आधी सूचना, दवाखान्यांत तयारी, पाणपोया. त्याचबरोबर गरीब वस्त्यांतली छपरे पांढऱ्या रंगाने रंगवण्याचे काम हाती घेतले गेले. पांढरे छप्पर ऊन परत फेकते आणि आतली खोली काही अंशांनी निवते. याला ना परदेशी यंत्र लागते, ना मोठे कर्ज. पनवेलच्या गावठाणांत दर मार्चमध्ये हे करता येईल. पण चार पैसे रंगाला घालायचे मालकाने आणि गारवा मिळायचा भाडेकरूला, तर मालक ते का करील? पुन्हा तोच प्रश्न. म्हणून येथे पालिकेला मध्ये पडावे लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हाच प्रश्न कायद्याने हाताळला आहे. तेथे घरांना ऊर्जेच्या दृष्टीने ‘ए’ ते ‘जी’ असे दर्जे दिलेले असतात. १ एप्रिल २०१८ पासून, काही अपवाद सोडले तर, ‘ई’च्या खालचे घर नव्याने भाड्याने देता येत नाही. थंडीत कुडकुडणारा भाडेकरू आणि बेफिकीर मालक यांच्यात सरकार उभे राहिले. आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा आणला, तर उद्या सगळ्या स्वस्त खोल्या बंद पडतील आणि माणसे रस्त्यावर येतील. तेव्हा नक्कल नको. पण घरमालकाच्या निर्णयाची किंमत भाडेकरू मोजतो, हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा घेण्याजोगा आहे.

अंतराचे बिल

शहरातली सर्वांत मोठी उधळपट्टी अंतरात असते. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. मुंबई उत्तर-दक्षिण लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वळवा आणि घरांबरोबर कामेही तिकडे न्या, हा तिचा गाभा होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मंत्रालय खाडी ओलांडून पलीकडे गेले असते, तर त्याच्यामागे हजारो नोकऱ्या गेल्या असत्या. पण त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मंत्रालय जागचे हलले नाही. बेलापूरला कोकण भवन आले, वाशीला घाऊक बाजार आले, कळंबोलीला लोखंड बाजार आला. कारकुनाची कचेरी मात्र बोरीबंदराच्या आसपासच राहिली.

त्या न हललेल्या कचेरीचे बिल आजही पनवेलचा नोकरदार भरतो आहे. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४९ किलोमीटर. जायला सव्वा तासाहून अधिक, यायला तितकाच वेळ. हा खर्च पासाच्या रकमेत दिसत नाही. तो मुलांच्या अभ्यासात, बायकोच्या एकटेपणात आणि स्वतःच्या पाठीच्या कण्यात जमा होतो.

तरी लोकल आहे म्हणून बरे. माणशी ऊर्जेच्या हिशेबात गच्च भरलेल्या लोकलइतके काटकसरी वाहन दुसरे नाही. ही रेल्वे कोणाच्या पैशाने आली हेही आठवावे. वाशीपर्यंत ती १९९२ मध्ये आली आणि पनवेलपर्यंत १९९८ मध्ये. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोकडे पैसा जमिनी विकून आला, आणि त्या जमिनी शेतकऱ्यांच्या. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरवली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले आंदोलन जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबाराला सामोरे गेले. पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत, हे तत्त्व त्या रक्तातून आले. आपण सकाळी ज्या लोकलमध्ये चढतो, तिच्या रुळांखाली कोणाची तरी भातखाचरे आहेत. तिसऱ्या शहराचा या शहरावर हक्क आहे तो असा.

आणि गंमत पाहा. कामाजवळ घर, ही नियोजनकारांची इच्छा कोठे खरी उतरली असेल तर ती याच गावठाणांत. घरकाम करणारी बाई दहा मिनिटे चालत सेक्टरात पोहोचते. पहारेकरी सायकलवर जातो. कारखान्यातला कामगार शेअर रिक्षाने पाळी गाठतो. यांच्या पायांखाली पेट्रोल जळत नाही, यांच्या खोलीत एसी नाही. ऊर्जेची काटकसर करणारे आदर्श नागरिक म्हणून कोणाचा सत्कार करायचा झाला तर यांचाच करावा लागेल. उद्या पुनर्विकास झाला, देखणे मनोरे उठले आणि ही माणसे पंधरा-वीस किलोमीटरवर फेकली गेली, तर मनोऱ्यावर किती सौर पॅनेल बसली याला काही अर्थ उरणार नाही. वाचलेली वीज त्यांच्या रोजच्या प्रवासात जळून जाईल, आणि तिचे बिल तेच भरतील.

मेट्रोची कथाही याच अंगाने पाहावी. बेलापूर ते पेंधर हा अकरा किलोमीटरचा मार्ग २०११ मध्ये सुरू केलेल्या कामातून नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवाशांना मिळाला. बारा वर्षे. या बारा वर्षांत ज्यांना थांबणे परवडले नाही, त्यांनी हप्त्याने दुचाकी घेतल्या. एकदा दारात दुचाकी आली की माणूस पुन्हा सहजी मेट्रोकडे वळत नाही. उशिराचेही बिल असतेच.

विमानतळाचे छप्पर

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. ११६० हेक्टरचा हा प्रकल्प. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे उठली. या विमानतळावर सुमारे ४७ मेगावॅट सौरवीज तयार करण्याची योजना जाहीर झाली आहे. चांगली गोष्ट आहे. एवढे मोठे मोकळे छप्पर आणि आवार असताना ते रिकामे ठेवणे हा करंटेपणा ठरला असता.

पण छप्पर हाच तर मुद्दा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना जिना, लिफ्ट, पंप यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. योजना मनापासून पसंत पडावी अशी आहे. पण तिच्या पहिल्या पायरीवरच अट आहे, छप्पर आपले हवे. बंगल्याला ती उत्तम, सोसायटीला बरी, आणि भाड्याच्या खोलीला नाही. सूर्य सगळ्यांवर सारखा तळपतो. अनुदान मात्र गच्चीचा उतारा पाहून येते.

यावर उपाय नाही असे नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’ची पद्धत आणली. नाव अवघड, काम सोपे. पॅनेल एका छपरावर, आणि त्यावर तयार झालेली युनिटे अनेकांच्या बिलांत वाटून जमा. बँकेत संयुक्त ठेवीवरचे व्याज ठरलेल्या प्रमाणात वेगवेगळ्या खात्यांत टाकतात, तसेच. पालिकेच्या शाळा, समाजमंदिरे, मंडया, पाण्याच्या टाक्या यांवर पॅनेल बसवून त्यांची युनिटे शेजारच्या गावठाणातल्या शे-दीडशे बिऱ्हाडांच्या बिलांत टाकता आली, तर छप्पर नसलेल्यालाही सूर्य मिळेल. फक्त त्यासाठी त्या बिऱ्हाडाच्या नावाचे बिल असायला हवे. सगळ्या वाटा शेवटी त्या मीटरपाशी येऊन थांबतात.

काय करता येईल

पनवेल गेली काही वर्षे कराच्या वादाने तापलेले आहे. आधीच सिडकोला सेवाशुल्क भरले, मग पालिकेला मागची थकबाकी का, हा सेक्टरवासीयांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी नव्या खर्चाची स्वप्ने कोणी सांगू नयेत. म्हणून मी जे सुचवतो ते बहुतेक कागदाच्या दुरुस्तीचेच आहे.

एक, महावितरण आणि पालिकेने मिळून गावठाणांत मीटरची शिबिरे भरवावीत. भाडेकरूच्या नावाच्या मीटरने मालकी बदलत नाही, हे मालकाला लेखी द्यावे. ज्या गोष्टीची भीती कागदावरून आली आहे ती कागदानेच जाईल. दोन, पुण्यात सौरयंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यसंधारण करणाऱ्या मिळकतींना करात सवलत देण्याची पद्धत आहे. तशी सवलत पनवेलने भाड्याच्या खोल्यांवर पांढरे छप्पर आणि वेगळे मीटर देणाऱ्या मालकाला द्यावी. गारवा भाडेकरूला आणि सवलत मालकाला, म्हणजे दोघांचा हिशेब जुळला. तीन, नव्या इमारतीच्या विक्रीच्या जाहिरातीत जलतरण तलावाबरोबर घराच्या उष्णतेचा आकडाही छापणे बंधनकारक करावे. चार, पुनर्विकासाच्या प्रत्येक आराखड्यात आज तिथे भाड्याने राहणाऱ्यांची मोजणी आधी व्हावी आणि त्यांच्यासाठी त्याच परिसरात भाड्याची घरे राखावीत.

आणि पंख्यांचे काय? छोटी गोष्ट आहे, पण सांगतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात. ८० युनिटे वापरणाऱ्या घरासाठी हा पाचवा हिस्सा झाला. महाग पंख्याची जादा किंमत एकरकमी काढणे त्या घराला जमत नाही, एवढीच अडचण. सहकारी पतसंस्थांनी आणि बचतगटांनी दरमहा शंभर रुपयांच्या हप्त्याने असे पंखे दिले तर बिलातल्या बचतीतूनच हप्ता फिटेल. अर्थात ती बचत त्या बाईच्या हातात दिसायला तिच्या नावाचे बिल लागेलच.

यातले काही झाले नाही तरी शहर थांबणार नाही, हे मला माहीत आहे. दिवे एलईडीचे होतील, बस विजेवर धावतील, पालिकेच्या अहवालात वाचवलेल्या युनिटांचे आकडे छापून येतील. ते खरेही असतील. आपण वाचकांनी त्या आकड्यांपुढे एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: वाचलेले पैसे कोणाच्या बिलातून कमी झाले? उत्तर गच्चीवाल्यांच्या, बंगल्यांच्या, विमानतळाच्या बिलातून असे येत राहिले, तर शहर काटकसरी झाले असेल, पण सर्वांचे झालेले नसेल. नावड्याच्या किंवा पेंधरच्या एखाद्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या बिलातून, तिचे नाव छापलेल्या बिलातून, महिन्याला शे-दीडशे रुपये कमी झाले, तर मात्र त्या अहवालावर विश्वास ठेवायला हरकत नाही.